जुनाट दुखणं, सीपीआर आणि समोरचा टाउन हॉल

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरात कुणाला कंबर, मान, गुडघे, संधिवात, फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं जुनं दुखणं) किंवा नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेली आग आहे, त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. औषधांच्या जोडीला चित्रं बघण्याचा, वस्तुसंग्रहालयात जाण्याचा दुखण्याला काही उपयोग होतो का? माझ्या मते होतो. का ते जरा सविस्तर लिहिते.

माझी कंबर बरीच वर्षं धरलेली आहे. मणक्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, नंतरच्या एमआरआयमध्ये काळजीचं काही दिसलं नाही, आणि दुखणं तेवढं मागे राहिलं. असं ज्यांचं झालंय त्यांना माहीत असेल, पुढचा त्रास नुसता कळांचा नसतो. लग्नाला गेलं तर किती वेळ बसवेल, एसटीत जागा मिळेल का, पाहुण्यांसमोर आडवं कसं व्हायचं, याच हिशेबात दिवस जातो. मग माणूस जायचंच बंद करतो. महाद्वार रोडला जाऊन मला किती दिवस झाले, कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. घरात बसल्यावर लक्ष द्यायला कंबरेशिवाय दुसरं उरतच नाही.

डॉक्टरांच्या भाषेत तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तीतही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा दोन्हींचा अनुभव आहे हे कायम ठेवलंय. म्हणजे ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणारे चुकतात, आणि ‘मनाचा काय संबंध, हाड दुखतंय’ असं म्हणणारेही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक फाटक असल्यासारखं असतं. खालून दुखण्याचे निरोप वर जातात ते या फाटकातून, आणि फाटक किती उघडायचं ते वरून, मेंदूकडूनही ठरतं. त्या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण वरून खाली येणाऱ्या निरोपांचा मुद्दा टिकला. भीती, एकटेपणा, सारखं दुखऱ्या जागी लागलेलं लक्ष, यांनी वेदना वाढते. मन दुसरीकडे खरोखर गुंतलं, सोबत असली, की उतरते. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, साध्या हालचालीलाही ओरडते. म्हणून तिला शांत करणारी प्रत्येक गोष्ट कामाची.

आता चित्रांकडे येते. इटलीतल्या बारी शहरात २००८ साली एक छोटा प्रयोग झाला. निरोगी माणसांना आधी चित्रं दाखवून त्यांची आवडती आणि नावडती निवडून घेतली. नंतर हाताला लेझरचे चटके देताना ती चित्रं समोर ठेवली. स्वतःला सुंदर वाटलेलं चित्र समोर असताना चटका कमी जाणवला, आणि मेंदूच्या विद्युतलहरींतही तो फरक दिसला. चित्रं ज्याची त्याने निवडलेली होती हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याने ‘हे थोर आहे’ म्हणून दाखवलेलं नव्हे.

पण चटका वेगळा आणि वर्षानुवर्षांची कंबर वेगळी. त्यासाठी अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या क्रॉकर कलासंग्रहालयातलं काम बघावं लागेल. तिथे जुनाट दुखणं असलेल्या लोकांना छोट्या गटात, तासाभरासाठी, माहीतगार माणसाबरोबर चित्रं दाखवायला नेलं. त्या अभ्यासात ५४ जण होते. त्यातल्या ५७ टक्के लोकांना फेरीच्या वेळी दुखण्यात आराम वाटला. शिवाय आपण लोकांपासून तुटलोय ही भावना कमी झाली, आणि तीन आठवड्यांनंतरही त्याचा थोडा असर शिल्लक होता. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्याच्या जोरावर मोठे दावे करू नयेत. तरी तुटलेपण कमी झालं हे वाचल्यावर मी थांबले, कारण गोळीने ते होत नाही. कॅनडात माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयाने नोव्हेंबर २०१८ पासून तिथल्या फ्रेंच भाषक डॉक्टरांच्या संघटनेबरोबर योजना चालू केली. डॉक्टर चिठ्ठीवर संग्रहालयाची भेट लिहून देणार आणि रुग्णाला प्रवेश फुकट. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका मोठ्या इस्पितळानेही पुढे तसंच केलं.

हे सगळं इथे लिहायचं कारण आपलं कोल्हापूर. भाऊसिंगजी रोडवर उभं राहून बघा. एका बाजूला सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, समोर टाउन हॉल, म्हणजे आपलं वस्तुसंग्रहालय. सीपीआरची जुनी इमारत म्हणजे पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा, टाउन हॉलचाही त्यांचाच, आणि नवीन राजवाड्याचाही. एकाच माणसाने इस्पितळ काढलं आणि ज्या वास्तूत पुढे संग्रहालय आलं तीही काढली. मध्ये फक्त रस्ता आहे. रोज शेकडो लोक ओपीडीत नंबर लावून बसतात, त्यातले कितीतरी जुन्या दुखण्याचे. चिठ्ठी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला समोर जायला कुणी सांगत नाही.

टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. त्यातली ग्रीक सागरदेव पोसायडनची रोमन काळातली ब्राँझची मूर्ती जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पंचगंगेच्या काठावर समुद्राचा देव निघाला. वीतभरसुद्धा नसलेली ही मूर्ती बघायला नाक काचेजवळ न्यावं लागतं. हातातला त्रिशूळ आता नाही, पण अंगाचा तोल कसा सांभाळलाय ते बघत राहावं. शाळेची सहल तिच्यासमोरून पाच सेकंदांत पुढे जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजलं तेव्हा लोक एका चित्रापुढे सरासरी २७ सेकंद थांबत होते, म्हणजे घाई सगळीकडेच आहे. दुखण्याला उपयोग व्हायचा तर उलटं करायला हवं. सगळं दालन बघायचंच नाही. एक किंवा दोन वस्तू निवडायच्या, जमेल तर बसून, आणि शेजारच्याला काय दिसतंय ते विचारायचं. मी असंच करते. कंबर त्या वेळी नाहीशी होत नाही, पण मागे सरकते. घरी आल्यावर नवऱ्याला सांगायला दुखण्याखेरीज काहीतरी असतं.

तुमचे अनुभव लिहा, विरोधातलेही. आणि औषधं, व्यायाम कुणीही बंद करू नका.

सातवी_गल्ली

ताई, फार चांगला धागा. टाउन हॉलबरोबर आमच्या राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही लिहा. सिनेमातले चंद्रकांत सगळ्यांना आठवतात, पण त्यांनी राहतं घर आणि चित्रं सरकारला देऊन टाकली हे नव्या पिढीला माहीत नसतं. त्यांची पावडर शेडिंगची चित्रं म्हणजे कोरड्या रंगाची पूड कागदावर चोळत चोळत उठवलेली. डोंगर, धुकं, झाडं. माझ्या वडिलांना अर्धशिशी आहे, त्यांना भडक उजेड आणि गर्दी चालत नाही. त्या मऊ रंगांपुढे ते निवांत बसतात. घर असल्यामुळे तिथे दडपण येत नाही, हेही मोठं कारण असावं.

हुपरीकर

धागा वाचला. राग मानू नका, पण मनात आलं ते लिहितो. आमच्याकडं चांदीच्या कामाला बसलेला माणूस दिवसभर मान खाली घालून असतोय. चाळिशीच्या आत मान, खांदा, बोटं सगळं धरतंय. त्याला संग्रहालय बघा म्हणून सांगायचं? एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडाली. आधी त्याच्या बसायच्या पाटाची उंची, उजेड, मधली सुट्टी हे बघाय पायजे. चित्र बघून मान बरी होत नाही.

मंगळवारपेठकर

हुपरीकर दादा, राग कसला. तुमचं बरोबर आहे, कामाची जागा आधी सुधारायला हवी, त्याला पर्याय नाही. बारा तास मान वाकवून रविवारी चित्र बघितलं तर ते चित्राचंही काम नाही. पण एक सांगू? ज्यांचं दुखणं आता काम सोडूनही जात नाही, रात्री झोप लागत नाही, त्या तुमच्या गावच्या वयस्कर कारागिरांचं काय? सगळं आयुष्य नक्षीत गेलेल्या माणसाइतकी नजर आमच्यात कुणाची असणार. असा माणूस टाउन हॉलमधल्या जुन्या धातुकामासमोर उभा राहिला, तर हे कसं ओतलंय, कुठे घासलंय, ते तोच आम्हाला सांगेल. आज घरात तो ‘दुखणाईत’ आहे. तिथे तो जाणकार असेल. माझ्या मते याचाही वेदनेवर परिणाम होतो.

हुपरीकर

हे मात्र पटलं. आमचे थोरले चुलते आहेत, कुणाशी बोलत नाहीत अलीकडं. विचारून बघतो.

फिजिओ_कदमवाडी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताईंनी शास्त्र बरोबर मांडलंय, थोडी भर घालतो.

एमआरआयचा मुद्दा आलाय म्हणून. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून एक आढावा घेतला गेला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचेच स्कॅन त्यात होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्के. झीज दिसते आणि दुखत नाही, किंवा दुखतं आणि काही दिसत नाही, असं दोन्ही होतं. रिपोर्टमधले शब्द वाचून लोक घाबरून हालचाल बंद करतात आणि तिथून दुखणं वाढतं. घराबाहेर काढणारी, थोडं चालायला लावणारी, पुन्हा बसवणारी कोणतीही गोष्ट मला हवीच आहे. संग्रहालयात हे आपोआप घडतं.

पण काही लक्षणं असतील तर चित्रं नंतर, आधी डॉक्टर, तेही त्याच दिवशी. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद एकदम जाणं. त्याशिवाय दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांतही थांबू नये.

आणि दगडी फरशीवर एका जागी उभं राहणं कंबरेला चालण्यापेक्षा जड जातं. कळ यायची वाट बघू नका, त्याआधीच बसा. घडीचं स्टूल नेऊ देतात का ते आधी विचारून ठेवा. बरं वाटतंय म्हणून दोन तास ताणलं की पुढचे दोन दिवस बिछान्यात जातात, हा प्रकार मी फार बघतो.

शाहूपुरी_चौथी

मी वेगळा अनुभव लिहिते. वडिलांना मधुमेहामुळे पायांची आग होते. त्यांना मोठ्या हौसेने नवीन राजवाड्यात नेलं. सुट्टीचा दिवस, गर्दी, रांग, थांबायला जागा नाही. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, ते बघायची त्यांची इच्छा होती. पण तिथे पोचेपर्यंत पाय इतके पेटले होते की ते ‘चल घरी’ एवढंच म्हणाले. त्यानंतर विषय काढला की नको म्हणतात. त्यामुळे सगळ्यांनाच उपयोग होतो असं वाटायला नको म्हणून लिहिलं.

फिजिओ_कदमवाडी

लिहिलंत ते फार बरं झालं. नसांच्या दुखण्यात असं होतं, आणि गर्दी, उकाडा, घाई यांनी भर पडते. त्यांना पुन्हा न्यायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडल्या उघडल्या, एकाच दालनासाठी, आणि वाटेल तेव्हा परत फिरायचं असं आधीच ठरवून. तेही नको असेल तर आग्रह नको. क्रॉकरच्या अभ्यासातही चाळीसेक टक्के लोकांना आराम वाटला नव्हता, हे विसरू नये. मधुमेहाच्या नसांवर वेगळी औषधं असतात. ती चालू आहेत ना, तेवढं डॉक्टरांना विचारा.

वाकळवाली

माझ्या सासूबाईंना संधिवात. बोटं वाकडी झालीत, सकाळी तासभर मुठी वळत नाहीत. त्यांना बाहेर नेणं अवघड, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पण पूर्वी त्या वाकळा शिवायच्या, पंचक्रोशीत नाव होतं. आता सुई धरवत नाही. मी जुन्या साड्यांचे तुकडे त्यांच्यासमोर पसरते. कुठल्या रंगाशेजारी कुठला लावायचा ते त्या सांगतात, टाके मी घालते. दुपारचा तो वेळ त्या कण्हत नाहीत. सांध्यांची सूज आहे तेवढीच आहे, औषध आहे तेवढंच आहे. हे या धाग्यात बसतं का माहीत नाही.

मंगळवारपेठकर

बसतं म्हणजे काय, हेच तर बोलतोय आपण. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर वाकळेचा फोटो टाका.

कलानिकेतनचा_विद्यार्थी

मी चित्रकलेचा. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आणि तांबडा-पांढरा एवढंच लोकांना आठवतं, पण हे चित्रकारांचं गाव आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, किती नावं घ्यावीत. आबालाल मुंबईला जे. जे. मध्ये शिकले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं, आणि तरी ते रमले कोल्हापुरातल्याच कोटीतीर्थ तळ्याच्या काठावर. तेच पाणी, तीच झाडं, पहाटे, दुपारी, सांजेला, पुन्हा पुन्हा काढली. एकाच जागेकडे इतका वेळ बघणाऱ्या माणसाचं चित्र बघायलाही वेळ द्यावा लागतो. पहिल्या मिनिटाला नुसतं तळं दिसतं. नंतर पाण्यावरचा उजेड कुठून येतोय ते कळतं, मग सावलीतला निळा दिसायला लागतो.

दुखणं असलेल्या लोकांना चित्र दाखवायचं तर माझी एक विनंती आहे. चित्रकाराचं जन्मसाल, शैली, कुठल्या घराण्याचा, हे सुरुवातीला सांगू नका. त्याने माणूस पुन्हा परीक्षेला बसल्यासारखा आखडतो. ‘तुम्हाला आधी काय दिसलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर येतं, वेळ लागतो. माझ्या मावशीला कोटीतीर्थाच्या चित्रात धुण्याचा दगड दिसला आणि तिथून तिच्या माहेरच्या घाटापर्यंत गप्पा गेल्या. माहिती नंतर द्या, तेव्हा ती हवीशी वाटते.

शिरोळकर

खिद्रापूरचं कुणीच लिहिलं नाही. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि मधोमध वर गोल आकाश उघडं. खाली बसून वर बघितलं की मानेचं काय दुखणं होतं ते आठवत नाही, असं आमच्या आत्या म्हणायच्या. मात्र कोल्हापूरहून लांब पडतं, आणि गाडीच्या हादऱ्यांनी कंबरवाल्यांची येताना दैना होते. जयसिंगपुरात थांबून, पाय मोकळे करून पुढे जावं.

सातवी_गल्ली

मंगळवारपेठकर ताई, मग नुसतं लिहिण्यापेक्षा एकदा जमूया का? चार-सहा लोक पुरे.

मंगळवारपेठकर

माझ्या मनात तेच होतं. असं करू. पहिली भेट टाउन हॉलला, रविवार सोडून, सकाळची वेळ. कधी उघडतं, स्टूल नेता येईल का, पायऱ्यांजवळ रिक्षा आत येऊ देतात का, हे मी स्वतः जाऊन विचारते आणि इथे लिहिते. सहापेक्षा जास्त जण नकोत. वस्तू दोनच बघायच्या, एक पोसायडन आणि एक चित्र. चित्र कुठलं ते कलानिकेतनच्या दादांनी आधी जाऊन निवडावं, ज्याच्यासमोर बसायला जागा आहे असं. व्याख्यान नाही. ज्याला मध्येच बाहेर येऊन बागेत बसावंसं वाटेल त्याने बसावं, कुणी ‘काय झालं’ म्हणून विचारणार नाही.

सीपीआरमध्ये माझ्या ओळखीच्या एक सिस्टर आहेत. ओपीडीच्या फलकावर ‘समोर टाउन हॉल आहे, दुखण्याच्या रुग्णांनी जरूर बघावा’ अशी एक ओळ लावता येईल का, त्यासाठी कुणाला अर्ज द्यायचा, हे त्यांना विचारते. माँट्रियलएवढी योजना होईल तेव्हा होईल. एका ओळीला खर्च नाही.

हुपरीकर

चुलत्यांना विचारलं. पहिल्यांदा नको म्हणाले. मग विचारलं की ती मूर्ती ओतीव आहे का ठोकीव. मी म्हटलं मला काय कळतंय, तुम्हीच या. दोन जागा धरा. आम्ही सकाळच्या एसटीनं येतो, त्यांना खिडकीकडची सीट मिळाली पायजे म्हणून लवकरची धरणार.

फिजिओ_कदमवाडी

मीही येतो. काका उतरल्यावर लगेच आत नेऊ नका, दहा मिनिटं झाडाखाली बसवा. मान आखडली असेल तर तिथेच दोन सोपे व्यायाम दाखवतो.